वखारीच्या कारकुनाचा राजगुरू: मिंग दरबारात ताओ झोंगवेनचा प्रभाव नेमका कशात होता?

निपाणीचा वाचक (प्रश्न)

नमस्कार. आमच्या निपाणीत सात-आठ निवृत्त मंडळी दर रविवारी सकाळी एकत्र बसून इतिहासातले काही ना काही वाचतात, आणि सध्या चीनच्या मिंग राजवटीची पाळी चालू आहे. त्यात ज्याजिंग सम्राटाचे प्रकरण आल्यापासून आमच्यात दोन तट पडले असून दोन रविवार झाले तरी पुस्तकाचे पान उलटलेले नाही.

वादाचा विषय असलेला गृहस्थ म्हणजे ताओ झोंगवेन. हा प्रथम एका तालुक्याच्या कचेरीत साधा कारकून होता, नंतर लिआओतुंग सरहद्दीवरील सरकारी वखारीचा अधिकारी झाला, आणि मुदत संपल्यावर पुढील नेमणुकीची वाट पाहत पेकिंगला ओळखीच्या, ताओ या प्राचीन चिनी धर्मपंथाच्या एका पुरोहिताच्या घरी राहू लागला. तेथून सहा-सात वर्षांच्या आत तो राज्यातील तीन अतिशय वरच्या दर्जाची सन्मानपदे एकाच वेळी धारण करतो, आणि मिंगांच्या 276 वर्षांत असा मान दुसऱ्या कोणालाही मिळालेला नाही. तंबाखूच्या वखारींच्या गावात आयुष्य घालवलेल्या आम्हा लोकांना वखारीचा माणूस कसा असतो हे चांगले ठाऊक आहे, त्यामुळे ही मजल कशी मारली गेली याचे कुतूहल अधिकच वाटते.

आमच्यातील एका तटाचे म्हणणे असे की सम्राटाला वेडगळ नादी लावून राज्य खरोखर हाच चालवत होता आणि मिंगांच्या ऱ्हासाचे मूळ येथेच आहे. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की हा केवळ मंत्रतंत्र करणारा म्हातारा होता, सत्ता प्रधान येन सोंगच्या हाती होती आणि इतिहासकारांनी पुरोहिताला उगाच मोठे केले आहे. मला दोन्ही म्हणणी अपुरी वाटतात. ज्याने कधी सैन्य हाकले नाही, कर बसवला नाही आणि निवाडा केला नाही, त्याचा राज्यावर प्रभाव होता असे म्हणताना आपण नेमके काय म्हणत असतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

टिळकवाडीतून

आपला प्रश्न चांगला आहे, आणि त्याचे उत्तर झोंगवेनपासून सुरू न करता सम्राटापासून सुरू करावे लागेल, कारण गरज कोणाची होती हे कळल्याशिवाय ती भागवणाऱ्याचे वजन कळत नाही.

ज्याजिंग हा गादीचा थेट वारस नव्हता. चुलतभाऊ निपुत्रिक वारल्यामुळे 1521 मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्याला प्रांतातून आणून सिंहासनावर बसवण्यात आले. लगेच वाद उभा राहिला, कारण त्याने आता दिवंगत चुलत्याला वडील मानावे आणि जन्मदात्याला चुलता म्हणावे असा विद्वान अधिकाऱ्यांचा आग्रह होता. दत्तकाचे आणि वारसाचे तंटे आपल्याकडे कमी झालेले नाहीत, त्यामुळे त्या मुलाची चीड आपल्याला समजू शकते. 1524 मध्ये दोनशेहून अधिक अधिकारी राजवाड्याच्या दारात आक्रोश करत बसले, तेव्हा त्याने शंभराहून अधिक जणांना तुरुंगात टाकले आणि सोळा-सतरा जण फटक्यांखाली मेले. ज्या वर्षी हे घडले त्याच वर्षी लुंगहू पर्वतावरील ताओ पुरोहित शाओ युआनज्ये याला दरबारात बोलावणे गेले. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध आहे असे माझे मत आहे. कन्फ्यूशियसच्या ग्रंथांचा आधार घेऊन आपल्याला धर्म शिकवणाऱ्या पंडितांच्या पलीकडचा, केवळ आपला असा धर्माधिकारी या तरुण राजाला हवा होता.

शाओने पाऊस आणि बर्फ पडावे म्हणून अनुष्ठाने केली, आणि नंतर राजाला मुलगा व्हावा म्हणून केली. 1536 मध्ये राजपुत्र जन्मला आणि शाओला थेट विधी खात्याच्या मंत्र्याचा दर्जा मिळाला. झोंगवेन याच शाओच्या घरी उतरला होता. राजवाड्यातील कसली तरी पिशाचबाधा त्याने मंत्रजलाने शमवली आणि युवराजाच्या देवीच्या आजारात प्रार्थना केली, तिथून त्याचे नाव झाले. 1539 मध्ये सम्राट दक्षिणेच्या दौऱ्यावर निघाला तेव्हा शाओ आजारी असल्यामुळे झोंगवेन सोबत गेला. वाटेत वावटळ सम्राटाच्या रथाभोवती घोंघावू लागली, झोंगवेनने ते आगीचे चिन्ह असल्याचे सांगितले, आणि त्याच रात्री मुक्कामाच्या तळाला आग लागून अनेक माणसे जळाली. सम्राटाला एका अंगरक्षक अधिकाऱ्याने उचलून बाहेर काढले, पण श्रेय भविष्य सांगणाऱ्यालाही मिळाले. (एक सूचना: त्याच्या आडनावातील ताओ आणि पंथाच्या नावातील ताओ ही चिनी लिपीत निरनिराळी अक्षरे आहेत. आडनावाचा अर्थ मातीची भांडी असा होतो, त्यामुळे नावावरून काही गूढ शोधू नये.)

आता मूळ मुद्दा. ताओ पंथाचा विधी म्हणजे जटाधारी योग्याची धुनी असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर असेल तर ते पुसून टाकावे. या विधीचा गाभा कागदपत्रांचा आहे. स्वर्गात खाती आहेत, खात्यांना अधिकारी आहेत, आणि माणसाचे गाऱ्हाणे त्यांच्यापर्यंत ठरलेल्या नमुन्यात लिहून, योग्य पदनामासह, योग्य दिवशी जाळून पोहोचवायचे असते. हा अर्ज निळसर हिरव्या कागदावर लाल शाईने लिहीत, म्हणून त्याला छिंगत्सी म्हणजे हिरवा लेख असे म्हणत. सीमाभागातील वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. माझ्या वडिलांना जमिनीच्या उताऱ्यातील एक चूक दुरुस्त करून घेण्यासाठी चार वर्षे एका कचेरीत खेटे घालावे लागले, कारण अर्ज कन्नडमध्ये आणि ठरावीक शब्दांतच द्यावा लागे, आणि तो शब्द न् शब्द कचेरीबाहेर बसणाऱ्या बाँड रायटरलाच ठाऊक असे. त्या माणसाच्या हाती कसलाही अधिकार नव्हता. तरी त्याच्या टेबलावरून गेल्याशिवाय आमचा कागद आत जात नसे, आणि वडील त्याला साहेब म्हणत.

झोंगवेन हा स्वर्गाच्या कचेरीबाहेरचा बाँड रायटर होता, आणि त्याचा अशील साक्षात सम्राट होता. जन्मभर सरकारी दप्तरात काढलेला माणूस या कामाला पर्वतावरच्या तपस्व्यापेक्षा अधिक लायक ठरला, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

याचा राज्यकारभारावर परिणाम असा झाला की वरिष्ठ मंत्र्यांना हे हिरवे लेख रचता येणे आवश्यक झाले. येन सोंग या कलेत निपुण होता, आणि लोक अशा मंत्र्यांना पुढे ‘हिरव्या लेखांचे प्रधान’ म्हणून हिणवू लागले. सम्राटाने ताओ पद्धतीच्या सुगंधी टोप्या करवून निवडक मंत्र्यांना दिल्या, तेव्हा प्रधान श्या येनने हा मंत्र्याचा पोशाख नव्हे असे सांगून ती घालण्यास नकार दिला, तर येन सोंग ती घालून आणि वरून तलम वस्त्राचे आच्छादन घेऊन हजर झाला. श्या येनचा 1548 मध्ये शिरच्छेद झाला. त्याचे कारण सरहद्दीवरील मोहिमेचा वाद हे होते, पण सम्राटाच्या मनातून तो त्याआधीच उतरला होता. झोंगवेनने कोणालाही प्रधान केले नाही, परंतु प्रधान होण्यासाठी कोणती परीक्षा द्यावी लागते ती परीक्षाच बदलली गेली. माझ्या दृष्टीने आपल्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे.

खानापूरची रहिवासी

टिळकवाडीच्या सरांनी केलेली मांडणी वाचनीय आहे आणि बाँड रायटरची उपमा मला पटली, परंतु त्या उपमेमुळे झोंगवेन फारच निरुपद्रवी दिसू लागतो, म्हणून हे लिहीत आहे. बाँड रायटर आपल्या वडिलांना त्यांच्या मुलाचे तोंड पाहू नका असे सांगत नव्हता.

झोंगवेनने सम्राटाला ‘दोन ड्रॅगनांनी एकमेकांसमोर येऊ नये’ असा सिद्धांत सांगितला. सम्राट हा एक ड्रॅगन आणि युवराज हा दुसरा, त्यांची भेट झाल्यास एकाला अपाय होतो, असा त्याचा अर्थ. 1549 मध्ये युवराज वयात आल्याचा टोपी घालण्याचा समारंभ झाला आणि त्यानंतर दोनच दिवसांत तो मुलगा आजारी पडून गेला. सम्राटाची खात्रीच पटली. त्यानंतर 1567 पर्यंत, म्हणजे अठरा वर्षे, जगातील सर्वांत मोठ्या राज्याला घोषित युवराज नव्हता, आणि जो पुढे सम्राट झाला त्या मुलाला बापाची भेट दुर्मीळ झाली. वारस कोण याची अनिश्चितता दरबारात किती विष कालवते हे मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकाला सांगायला नको. कर बसवला नाही आणि सैन्य हाकले नाही हे खरे, पण बापलेकांमध्ये भिंत घालणे हे राज्यकारभारात ढवळाढवळ करणे नव्हे काय?

दुसरी गोष्ट औषधांची. सम्राटाला दीर्घायुष्य हवे होते. मिंग काळातील नोंदींनुसार 1552 मध्ये आठ ते चौदा वर्षे वयाच्या तीनशे मुली राजवाड्यासाठी निवडण्यात आल्या, आणि 1555 मध्ये दहा वर्षांखालील आणखी एकशे साठ, आणि हे झोंगवेनच्या सल्ल्याने रसायने तयार करण्याच्या कामासाठी झाले असे त्या नोंदी स्पष्ट म्हणतात. पुरोहिताच्या प्रभावाची चर्चा करताना आपण पदव्या आणि टोप्या मोजतो, तर या चारशे साठ घरांनाही त्या हिशेबात जागा द्यावी. 1542 मध्ये दहा-बारा दासींनी झोपलेल्या सम्राटाचा गळा आवळण्याचा प्रयत्न केला होता. गाठ चुकीची पडल्यामुळे तो वाचला आणि सोळा स्त्रियांना हाल हाल करून मारण्यात आले. राजवाड्याच्या आत काय सहन करावे लागत होते याची कल्पना त्या दोरीवरून येते. या प्रसंगानंतर सम्राट मूळ राजवाडा सोडून पश्चिमेकडील उद्यानात राहायला गेला, नित्याचा दरबार बंद झाला, आणि सरांनी वर्णिलेला हिरव्या लेखांचा कारखाना खऱ्या अर्थाने त्यानंतरच भरभराटीला आला.

तिसरे, अनुष्ठानांसाठी लागणारे अंबर, ज्याला हल्ली आपली वृत्तपत्रे व्हेल माशाची उलटी म्हणतात आणि जे कोकण किनाऱ्यावर पकडल्याच्या बातम्या आपण वाचतो, ते मिळवण्यासाठी चिनी अधिकारी दक्षिणेकडील बंदरे वर्षानुवर्षे धुंडाळत होते. ते हिंदी महासागराच्या व्यापारातून येई आणि पोर्तुगिजांच्या हाती असे. 1557 च्या सुमारास पोर्तुगिजांना मकावमध्ये बस्तान बसवू दिले गेले, त्याच्या कारणांमध्ये अंबराची ही गरजही मोजली जाते. गोव्याच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला या तपशिलाचे मोल कळावे.

(कुंभारकामासाठी ओळखल्या जाणाऱ्या खानापुरात राहत असल्यामुळे आडनावाचा अर्थ वाचून मात्र मौज वाटली.)

मलप्रभेकाठचा

दोन्ही उत्तरे वाचून एक तुलना सुचवावीशी वाटते, कारण ‘राजगुरू’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो.

आपल्याच जिल्ह्यात सौंदत्तीच्या रट्ट राजांचा मुनिचंद्र नावाचा जैन राजगुरू होऊन गेला. कार्तवीर्य चौथा आणि त्याचा पुत्र लक्ष्मीदेव यांच्या काळात हे राज्य वेणुग्रामातून, म्हणजे आजच्या बेळगावातून चालत असे. किल्ल्यातील कमल बस्ती याच कार्तवीर्याच्या मंत्र्याने 1204 मध्ये बांधली. सौंदत्तीच्या 1228 च्या सुमाराच्या शिलालेखात मुनिचंद्राला रट्ट राज्याची प्रतिष्ठापना करणारा आचार्य म्हटले असून शास्त्राबरोबर शस्त्रातील त्याच्या नैपुण्याचीही स्तुती केली आहे. हा गुरू प्रत्यक्ष राज्य चालवण्यात सहभागी होता. साताऱ्याजवळच्या धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी यांची तऱ्हा आणखी निराळी. ते थोरल्या बाजीरावाला कर्ज देत, आणि सावकारांच्या तगाद्याने गांजलेल्या बाजीरावाने त्यांना लिहिलेली पत्रे प्रसिद्ध आहेत. त्यांच्या शब्दाला वजन होते ते भक्तीमुळे आणि पैशामुळेही.

झोंगवेनपाशी यातले काहीच नव्हते. त्याच्यामागे मठ नव्हता, सावकारी नव्हती, शाओसारखी लुंगहू पर्वताची परंपरादेखील नव्हती. त्याच्याकडे होती ती एका माणसाची मर्जी. पदव्या कशा मिळत ते पाहावे: 1544 मध्ये तातुंगच्या सरहद्दीवर शत्रूचा एक हेर पकडला गेला. सम्राटाने त्याचे श्रेय स्वर्गाच्या कृपेला दिले, आणि तिसरे सन्मानपद झोंगवेनच्या पदरात पडले. हेर पकडणाऱ्या शिपायाला काय वाटले असेल ते असो. 1550 मध्ये सरदारकी आणि वर्षाला बाराशे माप धान्याची नेमणूक मिळाली. त्याच वर्षी अल्तान खानाचे मंगोल घोडेस्वार पेकिंगच्या वेशीपर्यंत लूटमार करत आले होते, हा योगायोग मला नेहमी खटकतो.

असा माणूस उद्दाम होऊ शकत नाही, आणि मिंगांचा अधिकृत इतिहास, जो अशा लोकांविषयी एरवी कठोर आहे, तोही लिहितो की वीस वर्षे मर्जीत राहून झोंगवेन सावध आणि जपून वागणारा होता, त्याने मनमानी केली नाही. सम्राट त्याला गुरू म्हणे आणि शेजारी बसवी. तरीही म्हातारपणी त्याने प्रकृतीचे कारण सांगून रजा मागितली तेव्हा इतक्या वर्षांत मिळालेली वस्त्रे, रत्ने, टोप्या आणि दहा हजार ताएल (चिनी वजनमाप) चांदी हे सारे परत नेऊन दिले. वखारीच्या माणसाला शिल्लक जुळवून किल्ल्या सुपूर्द करण्याचे महत्त्व कळत होते, असे निपाणीकर म्हणतील. मुलगा, जावई यांना पदे मात्र मिळवून दिली होती.

खानापूरच्या ताईंचा आक्षेप मला मान्य आहे. फक्त त्यात एक भर घालतो: दोन ड्रॅगनांचा सिद्धांत सम्राटाला पटला, कारण त्याला तो हवा होता. 1540 मध्ये राज्याचा भार लहान युवराजावर सोपवून आपण एक-दोन वर्षे साधनेला बसावे असे त्याच्याच मनात आले होते, आणि त्याला विरोध करणारा अधिकारी फटक्यांनी मेला. मुलापासून आणि दरबारापासून दूर जाण्याची ओढ आधीपासून होती, पुरोहिताने तिला शास्त्राधार दिला.

निपाणीचा वाचक

आपण तिघांनी इतक्या विस्ताराने लिहिलेत याबद्दल मनःपूर्वक आभार. ताईंचे उत्तर छापून घेतले असून ते रविवारी मोठ्याने वाचणार आहे, कारण आमच्या मंडळात आम्ही सगळे पुरुषच आहोत आणि त्या मुलींचा उल्लेख एकाच्याही तोंडून आला नव्हता.

एक उपप्रश्न राहतो. पुरोहित केवळ सम्राटाच्या मनातलेच बोलत असेल, तर त्याच्या मनाविरुद्ध कोणी काही घडवून आणल्याचे एखादे तरी उदाहरण आहे काय?

टिळकवाडीतून

एक आहे, पण ते झोंगवेनचे नाही. झोंगवेन 1560 मध्ये, ऐंशी उलटल्यावर वारला. त्यानंतर लान दाओशिंग नावाचा ताओ पुरोहित पुढे आला. हा देवतेला आवाहन करून वाळूवर काठीने उमटणाऱ्या अक्षरांतून उत्तरे मिळवून देत असे. राज्य सुरळीत का चालत नाही असे सम्राटाने विचारले, तेव्हा उत्तर आले की सज्जनांना वाव नाही आणि दुर्जनांना काढले जात नाही, आणि दुर्जन म्हणून नाव उमटले येन सोंगचे. वीस वर्षांच्या प्रधानाबद्दल असे बोलण्याचे धाडस केलेले अनेक अधिकारी प्राणांस मुकले होते. येथे बोलणारी देवता असल्यामुळे सम्राट विचारात पडला, ती संधी साधून एका अधिकाऱ्याने तक्रार दाखल केली, आणि 1562 मध्ये येन सोंगला घरी जावे लागले. या काठीमागे प्रतिस्पर्धी मंत्री शू ज्ये याचा हात होता असे मानले जाते, म्हणजे परीक्षा बदलली तशी नक्कल करण्याची पद्धतही विरोधकांनी शिकून घेतली. लान दाओशिंगला मात्र लवकरच येन सोंगच्या माणसांनी तुरुंगात अडकवले आणि तो तेथेच मेला.

झोंगवेनचे नाव मृत्यूनंतर एकदा दरबारात ठळकपणे घेतले गेले. 1566 मध्ये हाय रुई नावाच्या महसूल खात्यातील कनिष्ठ अधिकाऱ्याने स्वतःसाठी शवपेटी विकत घेऊन ठेवली आणि मग सम्राटाला निवेदन पाठवले. त्यात त्याने विचारले की ज्या झोंगवेनला महाराज गुरू म्हणत तो मेला, त्याला स्वतःला अमर होता आले नाही, मग महाराज कशाच्या मागे आहेत? सम्राटाने निवेदन जमिनीवर आपटले, पुन्हा उचलले, दिवसातून अनेकदा वाचले. हाय रुई तुरुंगात गेला, पण त्याला फाशी देण्याच्या हुकमावर सही झाली नाही. पुढच्या जानेवारीत सम्राट वारला. शू ज्येने लिहिलेल्या अंतिम आज्ञापत्रात अनुष्ठाने आणि बांधकामे थांबवण्यात आली, हाय रुई सुटला, झोंगवेनच्या पदव्या काढून घेण्यात आल्या, आणि सम्राटाला घातक गोळ्या दिल्याच्या आरोपावरून जे पकडले गेले त्यांत झोंगवेनचा मुलगाही होता.

खानापूरची रहिवासी

निपाणीच्या मंडळींना एक विनंती. रविवारच्या बैठकीत त्या 1542 च्या दासींचीही नावे वाचावीत. चिनी नोंदींत ती जपलेली आहेत, आणि त्यांच्यात पुढाकार घेणाऱ्या मुलीचे नाव यांग जिनयिंग असे होते.